आपले प्रश्न, आमची उत्तरं : शेवाळातली मरळ

प्रश्न (भुसावळ) : हतनूर धरणाच्या फुगवट्यात कयाकवरून (वल्ह्याच्या छोट्या होडीतून) मरळीसाठी चार इंची, शेपटी हलणारं सॉफ्ट प्लॅस्टिकचं नकली आमिष टाकतो. दर दोन-तीन फेकींना गळाला शेवाळाचा गोंडा लागून येतो. शिसं कमी करू की आमिष बदलू?

उत्तर : ते नंतर. आधी आमिष गळावर सरळ बसलंय का ते बघा. दहातल्या आठ वेळा घोळ तिथेच असतो. वाकडं आमिष ओढताना गरगर फिरतं, गळाचं टोक उघडं पडतं आणि दोरीलाही पीळ बसतो.

मानेला मोड असलेला ३/० किंवा ४/० आकाराचा ऑफसेट गळ घ्या. बंदुकीच्या गोळीसारखं शिसं आधी दोरीत ओवा, निमुळतं टोक काठीकडे. मग गळ बांधा. टोक आमिषाच्या नाकात मधोमध अर्धा सेंटिमीटर घुसवून पोटाकडून बाहेर काढा. आमिष गळाच्या डोळ्यापर्यंत (दोरी बांधतो त्या भोकापर्यंत) सरकवा आणि गळ अर्धा फिरवा. आता गळ आमिषाला समांतर लटकू द्या. त्याचा बाक जिथे येतो तिथेच आरपार टोचायचं. अंदाजाने टोचलं की एक तर आमिष कुबडं होतं, नाही तर ताणलं जातं. टोक पाठीवर आलं की वरच्या सालीत जेमतेम एक मिलिमीटर लपवा. जास्त खोल रुतवलं तर शेवाळ चुकतं खरं, पण मासाही चुकतो.

काठावर, पाण्यात आमिष ओढून बघा. डोलत आलं तर ठीक, फिरलं तर काढून पुन्हा बसवा.

शिशाचं म्हणाल तर विरळ शेवाळात ५ ग्रॅम पुरे. वर दाट थर असेल तर १० ते १४ ग्रॅम लागतं, नाही तर आमिष थरावरच बसून राहतं. शेवाळ विरळ असो वा दाट, शिशाच्या भोकात टूथपिकचं टोक खुपसून तोडा. शिसं मोकळं राहिलं तर ते फांदीच्या एका बाजूने जातं, आमिष दुसऱ्या बाजूने, आणि दोरी मध्ये अडकते.

आणि गोंडा आलाच तर ती फेक वाया गेली असं समजा. पानाचा एक तुकडा शेपटीला चिकटला तरी मरळ तोंड लावत नाही.

प्रश्न (चोपडा) : मासा घेतो, झटकाही देतो, पण सुटतो. काठावरून असं होत नाही.

उत्तर : काठावर पाय रोवलेले असतात. कयाकमध्ये तुम्ही झटका दिलात की निम्मा जोर कयाकच माशाकडे सरकण्यात जातो. त्यामुळे काठी वर उचलून हिसका देऊ नका. आधी ढिली दोरी गुंडाळा, माशाचं वजन लागलं की काठी पाण्याला समांतर ठेवून बाजूला जोरात ओढा. दोरी नायलॉनची असेल तर ती ताणते, म्हणून इथे ४० पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरीच हवी. तिच्या पुढे, गळाकडे, हातभर जाड फ्लोरोकार्बनची दोरी, कारण मरळीचे दात धारदार असतात. मासा शेवाळात घुसला तर तिथून उपसायचा प्रयत्न नको. दोरी ताणलेली ठेवून कयाकच त्याच्यावर न्या आणि सरळ वर काढा.

प्रश्न (जामनेर) : वारा सुटला की कयाक शेवाळात शिरते. नांगर टाकावा का?

उत्तर : शेवाळात नांगर टाकला तर वर येताना भारा घेऊन येतो. पाणी उथळ असेल तर आठ फुटी बांबू चिखलात रोवा आणि कयाकचं शेपूट त्याला झटकन सुटेल अशा गाठीने बांधा. कडेला बांधलं तर वाऱ्याने कयाक आडवी होऊन कलंडते. शेवाळाच्या कडेपासून दहा-बारा मीटर बाहेर राहा आणि फेक कडेला समांतर टाका. मासा कडेवर आणि मधल्या मोकळ्या खिडक्यांत असतो, गचपणात नाही. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत आटपा. लाईफ जॅकेट अंगात हवं, सीटमागे नाही. सोबत एक धारदार चाकूही ठेवा, मच्छीमारांच्या जाळ्यात वल्हं गुंततं.

प्रश्न (चाळीसगाव) : मे महिन्यात आमिषं डब्यातच चिकटून वितळली. उन्हामुळे का?

उत्तर : उन्हाने ती मऊ होतात, वाकतात. वितळतात ती बहुधा डब्यामुळे. आमिषातलं मऊ ठेवणारं तेल काही कडक पारदर्शक प्लॅस्टिकला खातं. वेगवेगळ्या जातीची आमिषं एकत्र ठेवली तरी तोच प्रकार. मूळ पिशवीतच ठेवा. वाकलेलं आमिष अर्धा मिनिट गरम पाण्यात धरा, सरळ करा, लगेच गार पाण्यात टाका.

प्रश्न (नंदुरबार) : धरणात कुठेही मासे धरता येतात का?

उत्तर : नाही. बहुतेक जलाशयांतली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. आधी त्यांना आणि धरणाच्या कार्यालयाला विचारा. भिंतीजवळ जाऊच नका. हतनूरला ४१ दरवाजे आहेत आणि पावसाळ्यात ते उघडले की ओढ वल्ह्याला आवरत नाही. त्याच दिवसांत पृष्ठभागावर लालसर पिल्लांचा थवा खदखदताना दिसतो. खाली मरळीची जोडी राखण करत असते. ती कशावरही झडप घालते, पण तिला धरलं तर पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात. तिथे फेक टाकू नका.