कृषी सल्ला : काजूच्या हंगामातला उकाडा

प्रश्न (गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातील एक काजू बागायतदार) : आमच्याकडे पारा 34-35 च्या आसपासच असतो. विदर्भात तर 44-45 मध्ये माणसं राबतात. मग काजू गोळा करणाऱ्या आमच्या बायकांना सकाळी दहालाच चक्कर का येते? पाणी तर भरपूर नेतात.

उत्तर : काका, पारा अर्धीच गोष्ट सांगतो. घाम आला म्हणून अंग गार होत नाही, तो वाळला की होतं. आपली हवा आधीच दमट, त्यामुळे घाम नुसता ओघळतो आणि आतली उष्णता आतच राहते. हवामान खातंही हा फरक मानतं. मैदानी भागात उष्णतेच्या लाटेसाठी पारा निदान 40 वर जावा लागतो, किनारपट्टीला 37 पुरतात, फक्त ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त हवेत. मार्च 2023 मध्ये गोव्यात दोन दिवस शाळा दुपारआधी सोडल्या होत्या, आठवत असेल. समुद्राचा वारा उशिरा सुटला की असे दिवस येतात, आणि किनाऱ्यापासून आत असलेल्या सत्तरी-सांग्यापर्यंत तो पोचायला आणखी वेळ. त्यात काजूचा डोंगर म्हणजे खालून तापलेला कातळ, झाडांखाली कोंडलेली हवा आणि दिवसभर कंबरेतून वाकणं. कुळागरात, म्हणजे माडा-पोफळींच्या सावलीच्या बागेत, काम करणाऱ्याला हा त्रास कळायचा नाही.

म्हणून पाण्याआधी वेळ बदला. उजाडल्याबरोबर मोठी फेरी, दहाला खाली उतरायचं, चारनंतर लहान फेरी. तुम्ही म्हणाल, बोंडू (काजूची फळं) नासतात. खरं आहे, पण घाई बोंडूंची असते, बियांची नाही. बी दिवसभर पालापाचोळ्यात पडून राहिली तर काही बिघडत नाही. दारूच्या भट्टीला जायचे बोंडू सकाळी उचला, आणि बोंडूची बी पिरगळून काढायचं काम डोंगरावर न करता दुपारी घरच्या सावलीत करा.

नव्या मजुराकडे जास्त लक्ष द्या. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. पहिल्या दिवशी त्याला नेहमीच्या कामाचा पाचवा हिस्सा द्या आणि रोज तेवढाच वाढवत न्या. मुकादम हसेल, हसू द्या.

आता पाणी. तहान लागायची वाट पाहू नये, दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर प्यावं. पण एका तासात दीड लिटरच्या वर नको. तासन् तास घाम गाळून नुसतं पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि त्यानेही डोकं दुखतं, मळमळतं. सकाळी मीठ घातलेली पेज खाऊनच निघा. सोबत आगळाचं (कोकमाच्या खारवलेल्या रसाचं) सरबत न्या, आगळात मीठ असतंच. फारच घाम जात असेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. प्रमाण नीट पाळा, मीठ जास्त झालं तर अपाय होतो. ब्लडप्रेशरची किंवा लघवी होण्याची गोळी चालू असेल त्यांनी मिठाचं आधी डॉक्टरांना विचारावं.

प्रश्न (डिचोलीतील भट्टीवाले) : भट्टीवरची मुलं म्हणतात, हुर्राक (बोंडूच्या रसाची पहिल्या धारेची दारू) थंड असतो, दुपारी एक पेला घेतला की उकाडा सोसतो.

उत्तर : हंगामात हुर्राकला नको म्हणणं गोव्यात अवघडच. पण तो दारूच आहे. तिने लघवी वाढते, अंगातलं पाणी जातं, आणि चक्कर उन्हाची की पेल्याची हे ओळखू येत नाही. रस उकळायच्या भाणाजवळ (हंड्याजवळ) तोल गेला तर नुसत्या चकरेवर भागणार नाही. हुर्राकात घालता ती लिंबू, मीठ, हिरवी मिरची घालायचीच तर ताकात घाला. पेला संध्याकाळी, विस्तव विझल्यावर. जाळ घालणारा माणूस आलटून-पालटून बसवा, पत्र्यावर नारळाची विणलेली चुडतं पसरा आणि वारा येतो ती बाजू मोकळी ठेवा. पत्र्याखालची उष्णता चुडतांनी किती उतरते, ते स्वतःच अनुभवा.

प्रश्न (पेडण्याहून एक ताई, भाजीची लागवड) : फवारणी करताना घरच्यांना मळमळ आणि दरदरून घाम येतो. ऊन समजायचं की औषध?

उत्तर : ताई, हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. घाम, मळमळ, चक्कर दोन्हींत येते. पण तोंडाला लाळ सुटली, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, छाती दाटली, तर विषबाधा धरूनच चला. अंगावरचे कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. फवारणी सूर्य वर यायच्या आत उरका. उन्हात औषधाचे थेंब पानावर बसायच्या आधी वाळतात, आणि उकडतंय म्हणून हातमोजे-मास्क काढला जातो. घाईची खरी किंमत तिथे मोजावी लागते.

ऊन लागलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळखेनासा झाला किंवा कोसळला, तर 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. सावलीत आडवा करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला. बर्फ मिळाला तर मानेला, काखेत, जांघेत ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. फवारणीतला रुग्ण असेल तर औषधाची बाटली लेबलासकट सोबत न्या, डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतात.