वहीला कुलूप लावून काय साधलं?

प्रश्न : मुलगा अकरावी सायन्सला आहे. धावपट्टीवरून उडून थेट अवकाशात जाणाऱ्या विमानांच्या इंजिनांचं त्याला वेड आहे. फिजिक्सला जेमतेम ५८ टक्के. असं इंजिन बनवणारी ब्रिटनमधली कंपनी बंद पडली, म्हणजे यात स्कोप नाही ना? जेईई होईपर्यंत त्याची चित्रांची वही मी कपाटात कुलूप लावून ठेवली आहे. कॉम्प्युटरला घालावं का?
– एक पालक, सांगली

उत्तर : आधी वहीचं बोलू. तिच्या एका पानाचा फोटो तुम्ही पुरावा म्हणून जोडलाय. तो मला मुलाच्याच बाजूचा पुरावा वाटला. रॉकेटला हायड्रोजनच्या साधारण सहापट वजनाचा ऑक्सिजन सोबत न्यावा लागतो. तो वाटेतल्या हवेतून घेतला तर किती भार वाचेल, याचा हिशेब त्याने मांडलाय. आणि समासात लिहिलंय, ‘पण पंख आणि चाकांचं वजन?’ या विषयातल्या भल्याभल्यांना याच शंकेने घाम फोडलाय. ती या पोराला आपली आपण सुचली आणि तुम्ही वही जप्त केलीत! सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, रात्री टेस्ट सिरीज, हे सगळं तुम्ही कळवलंत. तो झोपतो कधी, ते पत्रात कुठेच नाही. ५८ टक्क्यांचं कारण मी आधी तिथे शोधलं असतं.

आता त्या कंपनीचं. रिअ‍ॅक्शन इंजिन्स ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद पडली ती पैसा उभा राहिला नाही म्हणून. आवाजाच्या पाचपट वेगाला इंजिनात येणारी हवा सुमारे हजार अंश सेल्सिअस तापते. केसापेक्षा पातळ भिंतीच्या हजारो नळ्यांतून ती उष्णता सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत काढून घेता येते, हे त्यांनी २०१९ मध्ये अमेरिकेत जमिनीवरच्या चाचणीत दाखवलं होतं. ज्यासाठी हे केलं, ते त्यांचं अख्खं ‘सेबर’ इंजिन मात्र कधीच चाललं नाही, आणि पृथ्वीवरून एकाच टप्प्यात कक्षेत गेलेलं यान आजवर एकही नाही. तुमच्या मुलाच्या हयातीत ते जाईलच, असंही मी म्हणणार नाही. पण कंपनी बुडाली म्हणून विद्या बुडत नाही. उष्णता, वायूंचा प्रवाह, धातू यांचं ज्ञान वीजकेंद्रापासून विमानापर्यंत कुठेही लागतं.

आयआयएसटी (अवकाश विज्ञान शिकवणारी संस्था), आयआयटीचे रस्ते क्लासवाल्यांनी सांगितलेच असतील. मेकॅनिकल केलं तरी इस्रोचं दार उघडं राहतं. कॉम्प्युटर त्याला आवडत असेल तर जरूर घ्यावं, तुमच्या भीतीपोटी नको.

वही आजच परत द्या, आणि चुकलं असंही सांगा. त्याच्यासाठी एक काम : पानावर त्याने स्क्रॅमजेट, म्हणजे बाहेरचीच हवा घेऊन इंधन जाळणारं अतिवेगवान इंजिन, थेट धावपट्टीवरून उडवलंय, ते जमणार नाही. २०१६ मध्ये श्रीहरिकोट्याला इस्रोने आपलं स्क्रॅमजेट आधी रॉकेटने आवाजाच्या सहापट वेगाला नेलं, मग ते पाच सेकंद पेटवलं. असं का करावं लागलं, हे त्याने शोधून मला कळवावं. ते पत्र त्याचं त्याला लिहू द्या, तुम्ही तपासू नका.