जेआर-वनला (पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला) पत्र

प्रिय डॉक्टर,

तुझा मेसेज वाचला. एमडी मेडिसिनची सीट मिळाली तेव्हा घरी पेढे वाटले, आणि आता आईचा फोन आला तरी उचलावासा वाटत नाही. त्याखाली पुन्हा पुन्हा तेच, 'मीच कमी पडतेय.'

तू कमी पडत नाहीयेस. पहाटे उठून अख्ख्या वॉर्डाचं रक्ताचं कलेक्शन, मग सॅम्पल लॅबला पोचवणं, रिपोर्टच्या मागे धावणं. राऊंडला एखाद्या पेशंटचं पोटॅशियम आठवलं नाही, की सगळ्यांसमोर बोलणी. एप्रनच्या एका खिशात ट्यूब, दुसऱ्यात घड्या पडून फाटायला आलेली पेशंटची यादी आणि बिस्किटांचा अर्धा पुडा. इमर्जन्सीचा दिवस असला की हेच दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. सलग ड्युटी शक्यतो १२ तासांपलीकडे नको, असं केंद्र सरकारच्या निवासी डॉक्टरांच्या योजनेत १९९२ सालीच लिहिलंय. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. त्यांच्या ऑनलाइन पाहणीत पाच हजारांहून जास्त पीजी, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली, आणि त्यातल्या सुमारे ३१ टक्के जणांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. इतक्या जणांचं असं होत असेल, तर दोष एकेकट्याच्या हिमतीत शोधू नये. 'आम्हीही हे सोसलंय' म्हणणारे सीनियर भेटतील. सोसलं हे खरं, पण म्हणून ते बरोबर ठरत नाही.

आता तुझ्याबद्दल. थकवा झोपेने उतरतो. सुट्टीच्या दिवशी भरपूर झोपूनही जड वाटतंय, जेवणाची चव गेलीय, आवडती मैत्रीण भेटली तरी आत काही हलत नाही, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय. हीच हिस्ट्री ओपीडीत कुणी सांगितली असती, तर तू त्याला 'हिंमत ठेवा' म्हणून घरी पाठवलं असतंस का?

तेव्हा सायकियाट्रिस्टला दाखव. आपल्याच हॉस्पिटलात केसपेपर काढायला संकोच वाटत असेल तर बाहेर जा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुझी माहिती गोपनीय ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. स्वतःच स्वतःला गोळ्या लिहू नकोस, बॅचमेटकडूनही लिहून घेऊ नकोस. औषध सुरू झालं तर गुण यायला काही आठवडे लागतात, हे तुला पाठ आहे. पहिल्या आठवड्यात सोडू नकोस. रजा माग. २०२३ च्या पीजी नियमांत वर्षाला २० दिवस पगारी किरकोळ रजा आहे, ती कुणाची मेहेरबानी नव्हे. सीट सोडायची की नाही, सोडली तर भरायचे बाँडचे पैसे कुठून आणायचे, हे आज ठरवायचं नाही. बरी झालीस की शांतपणे बोलू.

एक प्रश्न सरळ विचारतो, कारण तो न विचारता हे पत्र पाठवणं मला जमणार नाही. मरणाचे विचार येतात का? येत असतील तर आज रूमवर एकटी राहू नकोस. रूममेटला सांग, मला फोन कर, कितीही वाजले असले तरी. मी उचलला नाही तर १४४१६ लाव. टेलिमानसची ती सरकारी सेवा चोवीस तास सुरू असते, मराठीतही बोलतात.

अपॉइंटमेंट घ्यायचंही त्राण नसेल तर नुसतं 'हो' एवढंच कळव. मी घेतो आणि सोबतही येतो. तुझ्या युनिटच्या मॅडमशी रजेचं बोलायचं झालं तर तेही मी बोलेन, पण तू सांगितल्याशिवाय नाही.

तुझा,
सर