आई ख्रिस्ती नसली तर मुलाचं कम्युनियन अडतं का?

पत्र: ताई, मी मूळची सांगली जिल्ह्यातली, हिंदू घरातली. लग्न होऊन वसईत आले त्याला दहा वर्षं झाली. लग्न चर्चमध्येच लागलं, रीतसर परवानगी काढून. मी बाप्तिस्मा घेतलेला नाही. नवरा जहाजावर असतो, सात-आठ महिने घरी नसतो. मुलगा नऊ वर्षांचा, इंग्रजी माध्यमात चौथीला. यंदा त्याचं पहिलं कम्युनियन आहे, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याचा विधी. दर रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की त्याला धर्मशिक्षणाच्या वर्गात सोडते आणि बाहेर मारियेच्या मूर्तीच्या गुहेपाशी, ग्रोटोपाशी, बसून राहते. मागच्या महिन्यात त्याला विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धा जाहीर करण्याची प्रार्थना, म्हणता आला नाही, तर टीचरनी सगळ्या वर्गासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "घरी कोणी घेत नाही वाटतं." तेव्हापासून शनिवारी रात्रीपासूनच त्याचं पोट दुखायला लागतं. सासूबाई म्हणतात, आईच ख्रिस्ती नाही तर पोराला येणार कुठून, तू एकदाचा बाप्तिस्मा घेऊन टाक. गणपतीत त्याला माहेरी न्यायचं म्हटलं की घरात कुरबुर. आणि परवा झोपताना त्यानं विचारलं, "आई, तू आमच्याबरोबर स्वर्गात नसशील ना?" मला काही बोलताच आलं नाही. कम्युनियनच्या दिवशी तरी मी कुठे बसू, सांगा. – एक आई, वसई

प्रिय मैत्रिणी,

तू विचारलंस बरंच काही, पण झोप उडवली आहे ती मुलाच्या त्या एका वाक्यानं. म्हणून आधी त्याचंच बोलू.

त्याला आजच उत्तर दे. नवरा येईल तेव्हा सांगेल, फादरना विचारून मग सांगते, असं करू नकोस. नऊ वर्षांचं मूल आईच्या गप्प बसण्याचा अर्थ "हो" असाच घेतं आणि मग मनात कुढत बसतं. पण उत्तर नुसतं समजुतीचं नको. चर्च याबद्दल काय शिकवतं ते आधी तू नीट समजून घे, म्हणजे सांगताना आवाज डळमळणार नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, १९६४ साली चर्चविषयीचा जो मुख्य दस्तऐवज काढला, त्याच्या सोळाव्या परिच्छेदात हा विषय आहे. स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झालेली नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाला स्मरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं, असं तिथे म्हटलं आहे. पुढच्याच वर्षी, १९६५ साली, इतर धर्मांविषयीचं घोषणापत्र आलं. त्यात हिंदू धर्माचा नाव घेऊन आदरानं उल्लेख आहे, आणि या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही, असं लिहिलं आहे. याचा अर्थ चर्चला बाप्तिस्म्याचं महत्त्व वाटत नाही असा मुळीच नाही. ते फार मोठं आहे आणि वर्गात तसंच शिकवलं पाहिजे. पण अमुक एका माणसाला देव दूर लोटेल, असा निकाल देण्याचा अधिकार चर्चनं कुणालाही दिलेला नाही. टीचरला नाही, आजीला नाही, वर्गातल्या शेजारच्या पोराला तर नाहीच.

तेव्हा रात्री त्याला जवळ घे आणि सांग, "देव आईला ओळखतो. आईनं तुझ्यावर माया केलेली त्याला दिसते. तो आईला दूर करणार नाही. तुला भीती वाटली की त्यालाच सांग, आईला जवळ ठेव म्हणून." एवढं पुरे. आणि सहज विचार, हे तुला कोण म्हणालं? कदाचित एखाद्या मुलानं म्हटलं असेल, कदाचित टीचरनी बाप्तिस्म्याचा धडा घेतला आणि यानं स्वतःच त्यातून आईपुरता अर्थ काढला. कुणी म्हटलं हे कळल्याशिवाय कुणावर रागावू नकोस.

आता पोटदुखी. ती अपमानाची आहे हे मलाही पटतं. तरी मूल एखाद्या ठिकाणी जायचंच नाही म्हणू लागलं की एका कारणावर थांबू नये. वर्गात शेजारी कोण बसतं, कुणाची भीती वाटते का, कुणी एकटं बोलावलं का, नको तिथे हात लावला का, हे शांतपणे, भाजी निवडता निवडता विचारून घे. तसं काही निघालं तर धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, बैठकीची वाट न बघता थेट पोलिसांत जायचं किंवा १०९८ या मुलांसाठीच्या मदतक्रमांकावर फोन करायचा. बहुधा तसं काही नसेल. पण विचारायचं राहून गेलं असं होऊ देऊ नकोस.

वर्गासमोर उभं करून घरच्यांवरून बोललं गेलं, हे चुकलंच. मी स्वतः बरीच वर्षं रविवारचा वर्ग घेतला आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगते. हे काम करणारी बहुतेक माणसं आठवडाभर नोकरी, घर, शेतवाडी बघून रविवारी सकाळी विनामोबदला येतात. समोर मुलं दाटीवाटीनं बसलेली, वेळ तासाभराचा, आणि परीक्षा जवळ आली की पाठांतराशिवाय दुसरं काही सुचत नाही. तेव्हा टीचरना वर्ग सुटल्यावर एकटीनं भेट. तक्रारीच्या सुरात नको, पण गुळमुळीतही नको. "त्याला येत नसेल तर मला सांगा, मी घेईन. सगळ्यांसमोर घरच्यांवरून बोलू नका, तो रविवारच टाळायला लागला आहे." बहुतेक टीचरना एवढं पुरतं. नाही पुरलं तर फादर आहेतच.

आणि विश्वासांगीकार अडखळला म्हणून कम्युनियन अडत नाही. १९१० साली पोप दहावे पायस यांनी लहान मुलांच्या कम्युनियनचं वय सातच्या आसपास खाली आणलं. ही साधी भाकर नाही, हा ख्रिस्त आहे, इतका फरक मुलाला कळावा आणि त्यानं भक्तीनं तो स्वीकारावा, हे त्यामागचं मुख्य सूत्र. आजचा चर्चचा कायदाही मुलाच्या कुवतीनुसार समज आणि नीट तयारी मागतो. पाठांतर त्या तयारीचा एक भाग आहे, सगळी तयारी नव्हे. फादर कम्युनियनआधी मुलांशी बोलतात, तेव्हा ते हेच बघतात.

पाठांतराचं मात्र तूच करू शकतेस, आणि तुझ्याइतकं चांगलं त्या घरात कुणी करू शकणार नाही. त्याची धर्मशिक्षणाची वही उघडून बघ. हल्लीची कितीतरी मुलं "नमो मारिया" ही मारियेची प्रार्थना इंग्रजी अक्षरांत लिहून घेतात, कारण देवनागरी झरझर वाचता येत नाही. मग "कृपापूर्णे"चं भलतंच काहीतरी होतं आणि ते तसंच पाठ होतं. त्याच्या वहीतही तसं असेल तर ती पानं त्याच्याबरोबर बसून मराठीत पुन्हा लिहून काढ. रोज एक ओळ, बोट ठेवून वाचायची. त्यासाठी तुला ख्रिस्ती असावं लागत नाही, मराठी यावं लागतं. आणि नुसत्या प्रार्थनांवर थांबू नकोस, गोष्टी वाच. उधळ्या पुत्राची, हरवलेल्या मेंढराची, चांगल्या शोमरोन्याची. सासूबाईंच्या कपाटात मराठी बायबल असेलच, ते मागून घे. गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत रचलेल्या 'ख्रिस्तपुराणा'च्या सुरुवातीला लोक पाद्रींना हेच म्हणतात की तुमची शिकवण ठीक आहे, पण आम्हाला आमच्या भाषेत पुराण हवं. मग सुमारे ११ हजार ओव्या रचल्या गेल्या आणि १६१६ साली गोव्यात राचोलला छापल्या गेल्या. तू ओव्या ऐकत मोठी झाली असशील, तर त्यातल्या चार मुलाला वाचून दाखव. आपली आई आणि आपलं चर्च एकमेकांना अगदीच परकी नाहीत, हे त्याच्या कानाला तरी कळेल.

आता यात तुझं किती आणि नवऱ्याचं किती, ते बघू. लग्नाच्या वेळी मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते सगळं करीन, असं वचन चर्चला दिलं ते त्यानं. तुला त्याची कल्पना दिली गेली असणार, पण तुझ्याकडून तसं वचन घेतलेलं नाही. आजवर ते वचन तू एकटीनं निभावलंस, रविवार न चुकवता, बाहेर बसून. घरात कुणी हे बोलून दाखवलं नसेल तर मी दाखवते. पण हे असंच चालू द्यायचं नाही. त्याला मेसेज कर की मुलाची रात्रीची प्रार्थना बाबांनी घ्यायची. जहाजावर रेंज नसेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवून ठेवायच्या: विश्वासांगीकार, पश्चात्तापाची प्रार्थना, आणि मुख्य म्हणजे त्याच्या स्वतःच्या शब्दांत, कम्युनियन घेताना त्याला काय वाटतं ते. आईनं कितीही मन लावून शिकवलं तरी हे शेवटचं ती देऊ शकत नाही, आणि उसनं आणून दिलं तर मुलाला ते कळतं. शिवाय बाप्तिस्म्याच्या वेळी उभे राहिलेले धर्मपिता-धर्ममाता आहेत ना? नाताळच्या भेटीपुरते ते नसतात. महिन्यातून दोन रविवार तरी त्यांच्यातल्या कुणी त्याला मिस्साला आपल्या शेजारी बसवावं. हे त्यांना नवऱ्यानं सांगायचं, तू नाही.

सासूबाईंच्या बोलण्यात टोचणी आहे, पण काळजीही आहे असं मला वाटतं. मुलगा समुद्रावर, नातवाचं कम्युनियन तोंडावर, गावात चार जण विचारणार. तरी बाप्तिस्म्याबाबत माझं मत स्पष्ट आहे. मुलाच्या पाठांतरासाठी, घरातल्या शांततेसाठी किंवा पहिल्या बाकावर जागा मिळावी म्हणून बाप्तिस्मा घेऊ नकोस. चर्चचा कायदाच सांगतो की कुणालाही त्याच्या मनाविरुद्ध कॅथलिक श्रद्धा घ्यायला भाग पाडता येत नाही. मोठ्या माणसाला बाप्तिस्मा देण्याआधी त्याची स्वतःची इच्छा बघतात, बराच काळ तयारी करून घेतात. उद्या तुझ्याच मनात ओढ निर्माण झाली तर फादरकडे जरूर जा, मला आनंदच होईल. पण ती ओढ तुझी हवी. सासूबाईंना पवित्र शास्त्राचा आधार हवा असेल तर संत पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, सातवा अध्याय, चौदावी ओवी त्यांनाच वाचायला सांग. विश्वास न ठेवणारी पत्नी पतीमुळे पवित्र झाली आहे आणि मुलं पवित्र आहेत, असं तिथे लिहिलं आहे. हे घरातल्याच कुणीतरी, म्हणजे पुन्हा नवऱ्यानंच, त्यांना फोनवर सांगितलं तर जास्त बरं.

गणपतीचं थोडक्यात सांगते. मुलाचं आजोळ तोडायचं नाही. त्यानं जावं, मामाबरोबर मखर करावं, मोदक खावेत. आरतीत त्यानं काय करायचं, हे तुम्ही दोघा नवरा-बायकोनं आधी ठरवा आणि त्याला एकच उत्तर द्या. वसईत एक आणि सांगलीत दुसरं सांगितलं तर गोंधळ होतो तो त्यानंच होतो. माझं विचारशील तर, त्यानं आजी-आजोबांच्या शेजारी आदरानं उभं राहावं आणि कुणी विचारलं तर न लाजता सांगावं की मी येशूची प्रार्थना करतो. तुझ्या आई-वडिलांनाही हे आधीच सांगून ठेव.

राहिलं कम्युनियनच्या दिवसाचं. तू मुलाच्या शेजारी बसायचंस. आईनं मागे बसावं असा नियम नाही. तू कम्युनियन घेणार नाहीस, एवढाच काय तो फरक. तो पुढे गेला की तू बाकापाशीच थांब. मुलांना आई-वडिलांबरोबर ओळीनं आत आणायची पद्धत तुमच्या चर्चमध्ये असेल तर त्या ओळीत तूही असशील, हे आत्ताच फादरना भेटून पक्कं करून घे. ऐन दिवशी एखाद्या स्वयंसेवकानं अडवलं आणि मुलानं ते पाहिलं, असं व्हायला नको. जाताना मुलाची वही बरोबर ने, टीचरबद्दल बोलायचं असेल तर तेही तेव्हाच बोल. आणि कम्युनियनची तारीख विचारून घे. ती कळली की त्याच दिवशी नवऱ्याला कळव, म्हणजे सुटीचा अर्ज त्याला वेळेत टाकता येईल.

– तुझी ताई