सीईटीला 96 पर्सेंटाइल, आणि तरी एम-वन राहिला

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातल्या एका गावातली. दहावी मराठी माध्यमातून, 94 टक्के. अकरावी-बारावी इंटिग्रेटेडला (कॉलेज आणि सीईटीचा क्लास एकत्र) केली. सीईटीला 96 पर्सेंटाइल मिळाले आणि पुण्यातल्या एका स्वायत्त इंजिनिअरिंग कॉलेजात ई अँड टीसीला (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) नंबर लागला. पहिल्या सेमला (सेमिस्टरला) एसजीपीए, म्हणजे सेमची 10 पैकी सरासरी, 5.6 आला आणि एम-वनमध्ये (गणिताचा पहिला पेपर) बॅकलॉग, म्हणजे विषय राहिला. सर, मी रोज अभ्यास करत होते, यूट्यूबवर सोडवलेली गणितं बघत होते. इन-सेमचा (सेमच्या मधल्या परीक्षेचा) पेपर दाखवला तेव्हा एका गणिताचं उत्तर बरोबर असूनही 6 पैकी 2 दिलेले होते. वर्गातली मुलं फाडफाड इंग्रजी बोलतात, मी शेवटच्या बाकावर बसते. मी सगळ्यात मागे आहे असं वाटतं. सिव्हिलला बदलून घेऊ का? की वर्ष सोडून पुन्हा सीईटी देऊ? बाबांना निकाल अजून सांगितलेला नाही.

उत्तर :

पत्रासोबत मार्कशीट पाठवलीस हे फार बरं केलंस. नुसतं पत्र वाचलं असतं तर मलाही वाटलं असतं की पोरगी सगळ्याच विषयांत गडगडली. आता कागद-पेन घे आणि माझ्याबरोबर हिशोब कर.

क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन, पॉइंट म्हणजे ग्रेडचे 10 पैकी गुण. फिजिक्सला 4 क्रेडिट आहेत, तुला 7 पॉइंट. बेसिक इलेक्ट्रिकल आणि ग्राफिक्सला प्रत्येकी 3 क्रेडिट, दोन्हींत 6. दोन्ही लॅब 1-1 क्रेडिटच्या, दोन्हींत 9. वर्कशॉपला 2 क्रेडिट, तिथे 8. कम्युनिकेशन स्किल्सला 2 क्रेडिट, तिथे 7. क्रेडिट गुणिले पॉइंट करून सगळ्याची बेरीज मार : 112. क्रेडिट झाले 16. म्हणजे सरासरी बरोबर 7. पण भागायचं असतं 20 ने, कारण एम-वनचे 4 क्रेडिट छेदात येतात आणि वर अंशात भर पडते शून्याची. म्हणून 5.6. एम-वनला नुसता काठावरचा 'पी' असता, म्हणजे 4 पॉइंट, तर एसजीपीए 6.4 झाला असता. 'बी' असता, म्हणजे 6 पॉइंट, तर 6.8.

तेव्हा तू 'सगळ्यात मागे' नाहीस. एका विषयात अडकली आहेस, आणि तो नेमका जास्त क्रेडिटचा आहे. पुढच्या सेमला पहिल्याच आठवड्यात प्रत्येक विषयासमोर त्याचे क्रेडिट लिहून ठेव. एका क्रेडिटच्या लॅबच्या जर्नलसाठी (प्रॅक्टिकलच्या वहीसाठी) रात्र रात्र जागायची आणि चार क्रेडिटचा विषय पीएलवर (परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीवर) ढकलायचा, हे पहिल्या वर्षाला जवळपास सगळेच करतात. जर्नलवर सही लागते म्हणून ते पुरं होतं. गणितावर कुणी सही मागत नाही.

आता त्या 6 पैकी 2 बद्दल. तू पाठवलेला फोटो पाहिला. केली-हॅमिल्टनचा प्रमेय पडताळून व्यस्त मॅट्रिक्स काढायचं होतं. तू थेट कॅरेक्टरिस्टिक समीकरण लिहिलंस, त्याचे सहगुणक कुठून आले ते दाखवलं नाहीस. मग ए-वर्ग आणि ए-घन (ए म्हणजे दिलेलं मॅट्रिक्स) यांची मॅट्रिक्स कुठेच नाहीत, एका कोपऱ्यात पेन्सिलीने काहीतरी गिरवून खोडलंय, आणि खाली एकदम व्यस्त मॅट्रिक्स. उत्तर बरोबर. पण प्रश्नात 'पडताळा' म्हटलं होतं आणि पडताळणी कागदावर आलेलीच नाही. सरांनी समीकरणाचा एक आणि उत्तराचा एक असे दोन दिले. मला तरी त्यात अन्याय दिसत नाही. उलट ए-घन काढताना गुणाकारात चूक होऊन उत्तर चुकलं असतं, पण सगळ्या पायऱ्या लिहिल्या असत्या, तर 4 सहज मिळाले असते.

ही सवय तुला कुठून लागली ते उघड आहे. सीईटीत गणिताचे 50 प्रश्न, 90 मिनिटं, चार पर्याय, उणे गुण नाहीत. तिथे पायऱ्या गाळणारा जिंकतो. पर्याय घालून बघायचा, दोन पर्याय कटाप करायचे, पुढे जायचं. दोन वर्षं तू हेच शिकलीस आणि उत्तम शिकलीस, 96 पर्सेंटाइल फुकट मिळत नाहीत. पण इंटिग्रेटेडमध्ये कॉलेज हजेरीपुरतं असतं आणि कधी कधी तेवढंही नसतं. (2018 मध्ये शासनाने कनिष्ठ महाविद्यालयांत विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी लावण्याचा आदेश काढला, तो याच प्रकारामुळे.) बोर्डाचा पेपर शेवटच्या महिन्यात उरकायचा असतो. पानभर उत्तर लिहिणं, लेक्चरला बसून स्वतःच्या नोट्स काढणं, न समजलेलं त्याच दिवशी विचारणं, यातलं काहीच त्या दोन वर्षांत करावं लागत नाही. 'रोज अभ्यास करत होते' यावर माझा पूर्ण विश्वास आहे. अभ्यास म्हणजे तू काय करत होतीस, एवढाच माझा प्रश्न आहे. तूच लिहिलंयस की यूट्यूबवर सोडवलेली गणितं बघायचीस. दुसऱ्याने सोडवलेलं गणित बघताना सगळं कळतं. कोरं पान समोर आलं की पहिली ओळ सुचत नाही.

म्हणून बघणं कमी कर, लिहिणं वाढव. कॉलेजच्या लायब्ररीत किंवा सीनियरकडे मागच्या काही वर्षांचे पेपर मिळतील. एम-वनमध्ये प्रश्नांचे साचे फार नसतात : मॅट्रिक्सची रँक, आयगेन व्हॅल्यू, केली-हॅमिल्टन, ऑयलरचा प्रमेय, लग्रांजची पद्धत, मॅक्सिमा-मिनिमा. एक साचा घे, वही मिटून, घड्याळ लावून पूर्ण लिही. मग ते पान गणिताच्या सरांना दाखव. उत्तर बरोबर आहे का हे विचारू नकोस, ते तुला कळतंच. 'याला किती मार्क दिले असते आणि कुठे कापले असते?' असं विचार. शिक्षकांना हा प्रश्न आवडतो, कारण तो फार कमी जण विचारतात.

मला विचारशील तर विद्यापीठाच्या पेपरमध्ये हुशारीपेक्षा शिस्तीला मार्क जास्त असतात. हे चांगलं की वाईट यावर वाद घालता येईल, पण तो पास झाल्यावर घालू.

इंग्रजीचं थोडक्यात सांगतो. फाडफाड बोलणाऱ्यांपैकी किती जणांचा एम-वन राहिलाय ते एकदा नोटीस बोर्डावर बघ. संकल्पना डोक्यात शिरत नसेल तर एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) ई-कुंभ पोर्टलवर पहिल्या वर्षाच्या विषयांची मराठी पुस्तकं मोफत आहेत. आधी मराठीत समजून घे, पेपर मात्र इंग्रजीत लिहायचा सराव ठेव. गणितात मोजकीच वाक्यं लागतात, ती आठवड्याभरात पाठ होतील. आणि शेवटचा बाक सोड. बोलायचं नसलं तरी चालेल, पण पुढे बस.

शाखा बदलायचं म्हणतेस, तर सिव्हिललाही हाच एम-वन आहे आणि वर मेकॅनिक्सचा भार. ई अँड टीसी नको असं तुला कशावरून वाटतं, याचं एकही कारण पत्रात नाही. शिवाय जिथे अंतर्गत शाखाबदल असतो तिथे तो बहुधा पहिल्या वर्षाच्या गुणांवर आणि बॅकलॉग नसणाऱ्यांनाच मिळतो, म्हणजे वाट पुन्हा एम-वनवरूनच जाते. वर्ष सोडून सीईटी देण्याला तर माझा साफ विरोध आहे. जी परीक्षा तुला येते तीच तू पुन्हा देशील आणि जी येत नाही ती एक वर्ष लांबेल.

प्लेसमेंटची धास्ती आत्ता नको, पण अट माहीत असू दे. बऱ्याच कंपन्या 60 टक्के किंवा साधारण तेवढाच सीजीपीए (सगळ्या सेमची मिळून सरासरी) मागतात आणि चालू बॅकलॉग चालवून घेत नाहीत. सुटलेला बॅकलॉग बहुतेक ठिकाणी आड येत नाही. तुझ्या कॉलेजच्या नियमावलीत दोन गोष्टी मात्र नीट वाच. फेरपरीक्षेत पूर्ण ग्रेड मिळते की एक पायरी खाली उतरवतात? आणि ग्रेड ठरलेल्या टक्क्यांवर आहे की वर्गाच्या तुलनेत? तुलनेत असेल तर 'पेपर सगळ्यांनाच अवघड गेला' ही तुझ्यासाठी वाईट बातमी नाही.

बाबांना या रविवारी सांग, आणि फोनवर तुझ्या तोंडून सांग. त्यांनी आजवर टक्केच पाहिलेत, त्यामुळे 5.6 हा आकडा त्यांना 56 टक्के वाटेल आणि ते हबकतील. आधी विषय सांग : 'बाबा, सात विषय निघाले, गणित राहिलंय, परीक्षा अमुक महिन्यात आहे.' आकडा नंतर. ते चिडतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. पण मे महिन्यात शेजारच्या गावच्या कुणाकडून त्यांना कळलं, तर ते चिडणं निराळं असेल.

एक राहिलं. एंड-सेमचा पेपर बघायला तू अर्ज केलास की नाही, ते लिहिलेलं नाहीस. निकालानंतर त्याची मुदत थोडेच दिवस असते. उद्या परीक्षा विभागात जाऊन विचार. मुदत असेल तर फी भर, पेपर बघ, आणि प्रत्येक प्रश्नात मार्क कुठे गेले ते वहीत लिहून मला पाठव. पुढचं वेळापत्रक त्यावरून ठरवू.