दोनशे डॉलर दिले, आता हजार मागतोय

ताई,
आम्ही अमेरिकेत राहतो. परवा रात्री दोन वाजता सोळा वर्षांचा मुलगा आमच्या खोलीच्या दारात येऊन नुसता उभा राहिला. इन्स्टाग्रामवर एका मुलीची रिक्वेस्ट आली होती, शाळेतली तीन-चार मुलं म्युच्युअल दिसत होती म्हणून त्याने घेतली. दोन दिवस गप्पा, मग स्नॅपचॅट. तिने स्वतःचा कपड्यांविना फोटो पाठवला आणि याच्याकडून तसाच मागितला. पाठवल्यावर दहा मिनिटांत भाषा बदलली. त्याचा फोटो आणि त्याच्या फॉलोअर्सची यादी एकाच चित्रात जोडून आली. घाबरून त्याने गिफ्ट कार्डाचे दोनशे डॉलर दिले. आता हजार मागतोय, नाहीतर भारतातल्या आजी-आजोबांनाही पाठवेन म्हणतो. त्याचे बाबा म्हणतात, देऊन टाकू आणि विषय मिटवू. पोलिसांकडे गेलो तर व्हिसाचं काय होईल, ही धास्ती वेगळीच.
– एक आई

हजार डॉलर देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आत्ताच त्याच्या बाबांना सांगा.

पैसे दिले की विषय मिटेल असं वाटणं साहजिक आहे, कारण आपण व्यवहाराच्या चालीने विचार करतो: रक्कम दिली, हिशोब संपला. पलीकडचा माणूस तसा विचार करत नाही. तिथे ‘मुलगी’ नाहीच. अशा कामात बरेचदा टोळ्या असतात, ठरलेले मेसेज असतात आणि एकाच वेळी अनेक मुलांशी तेच संभाषण चालू असतं. त्या दोनशे डॉलरनी त्याला एवढंच कळलं की या घरातून पैसे निघतात. हजार दिलेत तर तेच पुन्हा कळेल. ‘दहा मिनिटं देतो, नऊ झाली, आठ झाली’ ही उलटी मोजणीसुद्धा ठरलेलीच असते. मुलाने कोणाला विचारू नये, एवढाच तिचा हेतू.

आता मुलाबद्दल. ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२३ या दीड वर्षात अमेरिकेत पैशासाठी झालेल्या अशा ब्लॅकमेलमध्ये किमान १२,६०० अल्पवयीन बळी एफबीआयच्या नोंदीत आले. त्यांत बहुतेक मुलगे होते, आणि किमान २० जणांनी जीव दिला. तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. पुढचे काही दिवस, विशेषतः रात्री, त्याला एकटं सोडू नका, यासाठी लिहितेय. झोपायला तुमच्या खोलीत गादी घाला. ‘तुला जीव नकोसा वाटतोय का?’ हे सरळ शब्दांत विचारायला कचरू नका, विचारल्याने डोक्यात नसलेलं काही शिरत नाही. उत्तर ऐकून पोटात गोळा आला तर ९८८ या, आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठीच्या हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन करा किंवा मेसेज पाठवा. तिथे चोवीस तास माणूस भेटतो. धोका आत्ता, या क्षणी वाटला तर थेट ९११.

आणि एक भाषेची गोष्ट, जी इतर कोणी सांगणार नाही. परदेशात वाढलेल्या आपल्या मुलांकडे या विषयाचे मराठी शब्द नसतात, आणि खरं सांगायचं तर आपल्याकडेही नसतात. आपल्या तोंडात येतात ते अब्रू, तोंड दाखवायला जागा, लोक काय म्हणतील. हे शब्द पोराला बरोबर कळतात आणि लागतात. मुलाला इंग्रजीतच बोलायचं असेल तर बोलू द्या. ‘कशाला पाठवलास?’ हा प्रश्न पंधरा दिवस टाळा. आज एवढंच पुरे: ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. पुढचं आम्ही बघतो.’

आता काम. क्रम महत्त्वाचा आहे, आणि संतापात नेमका तोच चुकतो. चिडून आधी ब्लॉक केलं, चॅट उडवलं, की तपासाला हाताशी काही उरत नाही. म्हणून आधी पुरावा. धमकावणाऱ्याच्या प्रोफाइलवर मोठ्या अक्षरात दिसणारं नाव कामाचं नाही, ते कोणीही बदलतं. खालचं युजरनेम आणि प्रोफाइलची लिंक टिपून घ्या. धमकीचे मेसेज तारीख-वेळेसह दिसतील असे स्क्रीनशॉट काढा. स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट काढला की समोरच्याला कळतं, तेव्हा तिथे दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो घ्या. पैसे कुठे, कसे मागितले ते टिपा. कार्डाचा क्रमांक आणि पावती जपून ठेवा, आणि ज्या कंपनीचं कार्ड आहे तिला आजच फोन करून फसवणूक झाल्याचं सांगा. कार्ड अजून वापरलं गेलं नसेल तर रक्कम अडवली जाण्याची शक्यता असते.

इथे एक सावधगिरी. मुलगा अल्पवयीन आहे. त्याचा तो फोटो पुरावा म्हणून स्वतःच्या फोनवर घेऊ नका, नवऱ्याला पाठवू नका, वकिलालाही ईमेल करू नका. अल्पवयीन मुलाचं असं चित्र बाळगणं आणि पाठवणं कायद्याने गंभीर गुन्हा आहे, आणि आईचा हेतू चांगला होता हे नंतर समजावत बसायची वेळ येऊ नये. स्क्रीनशॉट धमकीचा हवा, फोटोचा नको. फोटो त्याच्या फोनवर आहे तिथेच राहू द्या आणि पोलिसांना तसं सांगा.

पुरावा झाला की ॲपमधूनच त्या खात्याची तक्रार करा, मग ब्लॉक करा. मुलाचं स्वतःचं खातं मात्र पुसू नका. प्रायव्हेट करा आणि अनोळखी मेसेज बंद करा, म्हणजे पुढच्या बनावट खात्याला दार सहज सापडणार नाही.

मग ‘टेक इट डाउन’. बेपत्ता आणि शोषित मुलांसाठी काम करणारं अमेरिकेचं राष्ट्रीय केंद्र, एनसीएमईसी, ही मोफत सेवा २०२३पासून चालवतं. अठरा वर्षांखालच्या वयात काढलेल्या फोटो-व्हिडिओंसाठी ती आहे, आणि नाव न देता वापरता येते. फोटो कुठेही अपलोड होत नाही. मुलाच्या फोनवरच त्या फाइलचा एक आकडी ठसा तयार होतो, आणि फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो. तोच फोटो तिथे कोणी चढवला तर ठसा जुळतो आणि फोटो काढला जातो. फॉलोअर्सची यादी जोडून आलेलं ते चित्र ही वेगळी फाइल आहे, तिचाही ठसा वेगळा द्यावा लागेल. व्हॉट्सॲपसारख्या एन्क्रिप्टेड मेसेजमध्ये हे चालत नाही, तेवढी मर्यादा लक्षात ठेवा.

तक्रार दोन ठिकाणी करा: एनसीएमईसीच्या सायबरटिपलाइनवर (१-८००-८४३-५६७८) आणि एफबीआयकडे (१-८००-२२५-५३२४, किंवा ऑनलाइन आयसी३वर, म्हणजे एफबीआयच्या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रार केंद्रावर). स्थानिक पोलिसांकडेही नोंद करून ठेवा, रिपोर्टचा क्रमांक पुढे सगळीकडे विचारतात. समोरच्या अधिकाऱ्याला हा प्रकार नवा असेल तर त्याला ‘सेक्स्टॉर्शन’ (खासगी फोटोच्या धमकीवर उकळलेली खंडणी) हा शब्द सांगा, त्या नावाने तो लगेच ओळखेल.

व्हिसाची धास्ती मी समजू शकते, कारण ब्लॅकमेलर हेच वाक्य हमखास वापरतात: पोलिसांत गेलात तर तुम्हीच अडकाल. गुन्ह्याला बळी पडून तक्रार केली म्हणून व्हिसा जात नाही. उलट अमेरिकेत गुन्ह्याच्या बळींनी तपासाला मदत केली तर त्यांच्यासाठी यू व्हिसा नावाची वेगळी सोय आहे, आणि त्यासाठी पात्र गुन्ह्यांच्या यादीत ब्लॅकमेल आणि खंडणी दोन्ही आहेत. तुम्हाला त्याची गरज पडेल असं नाही, पण कायदा कोणाच्या बाजूने उभा आहे ते यावरून दिसतं. यात शोषण ज्याचं झालं तो मुलगा गुन्हेगार नाही, हे एफबीआय स्वतः मुलांना सांगते. मनात शंका उरलीच तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, पण त्यासाठी तक्रार अडवून ठेवू नका.

आजी-आजोबांचं काय? ब्लॅकमेलरच्या हातातलं हत्यार एकच, की घरच्यांना माहीत नाही. तेच काढून घ्या. मुलाला आधी दाखवून, त्याच्या होकाराने, फक्त जवळच्या दोन-चार जणांना असा मेसेज पाठवा:

‘आमच्या मुलाला ऑनलाइन कोणीतरी धमकावतंय. पोलिसांत तक्रार केली आहे. त्याच्या नावाने अनोळखी नंबरवरून काही आलं तर उघडू नका, पुढे पाठवू नका, फक्त नंबर आम्हाला कळवा. तो ठीक आहे. याबद्दल त्याला काही विचारू नका.’

यापेक्षा जास्त खुलासा कोणालाही देणं लागत नाही. मोठ्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका, तिथे सल्ले सुरू होतात. एखाद्या आत्याचा फोन येईलच. तो तुम्ही घ्या, मुलाला देऊ नका.

हे वाचणारे इतर देशांतही आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रिटनमध्ये अठरा वर्षांखालच्यांसाठी चाइल्डलाइन (०८०० ११११) आणि तिची ‘रिपोर्ट रिमूव्ह’ सेवा, प्रौढांसाठी रिव्हेंज पॉर्न हेल्पलाइन, पोलिसांसाठी १०१. कॅनडात सायबरटिप आणि नीडहेल्पनाऊ. ऑस्ट्रेलियात ई-सेफ्टी कमिशनर, न्यूझीलंडमध्ये नेटसेफ, दुबईत पोलिसांचं ई-क्राइम पोर्टल. बळी प्रौढ असेल तर ‘टेक इट डाउन’च्या जागी ‘स्टॉप एनसीआयआय’, ठशाची पद्धत तीच.

प्रौढांची पत्रं वेगळीच असतात. ठरलेलं लग्न मोडलं, आणि भारतातला तो माणूस जुने फोटो दाखवून पैसे मागतोय किंवा परत ये म्हणतोय, अशी. ओळखीचा माणूस टोळीसारखा कंटाळून निघून जात नाही, म्हणून तिथे नुसतं ब्लॉक करून गप्प बसू नका. राहत्या देशात पोलिसांना सांगा, आणि भारतात राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. महिला आणि मुलांसंबंधीची तक्रार तिथे नाव न देताही करता येते, पण पाठपुरावा हवा असेल तर नाव द्या. भारतीय खात्यातून पैसे गेले असतील तर देशातल्या नातेवाइकाला लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८ खंडणीचं आहे, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई खासगी चित्रं संमतीशिवाय टिपणं किंवा पसरवणं याबद्दलचं. तक्रारीत दोन्ही लिहा.

आणखी एक जण तुम्हाला गाठेल. ‘मी एथिकल हॅकर, त्याच्या फोनमधून फोटो पुसून देतो, चारशे डॉलर.’ अशा प्रसंगावर ऑनलाइन काही विचारायला गेलं की यांचे मेसेज येतात. दुसऱ्याच्या फोनमधला फोटो असा कोणी पुसून देऊ शकत नाही. हा दुसरा चोर आहे, यालाही ब्लॉक करा.

फोटो पसरणारच नाही, अशी हमी मी देत नाही. पैसे मिळत नाहीत म्हटल्यावर पुष्कळदा ते पुढच्या सावजाकडे वळतात, कारण फोटो पसरवून टाकला तर हातातली धमकीच संपते. तरीही एखाद्या मित्राला पोचलाच तर त्या मित्राच्या आईला तुम्ही फोन करा आणि पोरांनी तो पुढे पाठवला तर तोही गुन्हाच ठरेल, हे शांतपणे सांगा. शाळेच्या समुपदेशकाला आधीच कल्पना दिलेली असली तर वर्गातली कुजबुज तिथल्या तिथे थांबवता येते.

येते आठ-दहा दिवस नवनव्या खात्यांवरून मेसेज येतील. उत्तर एकालाही द्यायचं नाही, शिवीसुद्धा नाही. स्क्रीनशॉट, तक्रार, ब्लॉक. तो फोन रात्री तुमच्या खोलीत चार्जिंगला लावा आणि नवीन काय आलंय ते सकाळी त्याच्याऐवजी तुम्ही बघा.