यशातले त्याचे किती : क्वार्टरबॅक आणि मुख्य प्रशिक्षक पारखण्याविषयी

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमधील संघाच्या खेळाडू-निवड विभागात तुला जागा मिळाल्याचे वाचून फार आनंद झाला. एप्रिलच्या ड्राफ्टसाठी (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेसाठी) महाविद्यालयीन क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूंवर, टिपणे तयार करायची आणि जानेवारीत मुख्य प्रशिक्षकाची जागा रिकामी झालीच तर उमेदवारांची माहिती जमवायची, अशी दोन कामे तुझ्याकडे आली आहेत, आणि त्यांना दोन वेगळ्या पद्धती लागतील का, असे तू विचारले आहेस. माझ्या मते दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. समोरच्या माणसाच्या नावावर जे यश जमा आहे, त्यातले त्याच्या अंगचे किती आणि भोवतालच्या माणसांकडून उसने आलेले किती, याचा हिशेब मांडणे हेच तुझे काम. तो हिशेब पै-पैशाने कधीच जुळत नाही. पण तो मांडायचेच टाळले की काय होते, हे पाहायचे असेल तर डेन्व्हर ब्रॉंकोजचा २०२२ चा हंगाम बारकाईने अभ्यास.

त्या वर्षी डेन्व्हरने दोन्ही पारखी एकदमच केल्या. जानेवारीत नॅथॅनियल हॅकेट यांना मुख्य प्रशिक्षक नेमले आणि मार्चमध्ये सिॲटल सीहॉक्सकडून क्वार्टरबॅक रसेल विल्सनला आणले. त्याच्यासाठी ड्राफ्टमधील निवडीचे पहिल्या फेरीचे दोन आणि दुसऱ्या फेरीचे दोन हक्क, शिवाय तीन खेळाडू दिले, आणि त्याने नव्या संघाकडून एकही सामना खेळण्याआधी सुमारे साडेचोवीस कोटी डॉलरचा पाच वर्षांचा वाढीव करार केला. कागदावर दोन्ही निवडी सुरेख दिसत होत्या. हॅकेट हे ग्रीन बे पॅकर्सचे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाची आखणी सांभाळणारे सहायक प्रशिक्षक, होते आणि त्यांच्या काळात क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सने २०२० व २०२१ असा लागोपाठ दोनदा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला होता. पण त्या संघात सामन्याच्या वेळी डाव पुकारण्याचे काम मुख्य प्रशिक्षक मॅट लाफ्लूर करीत असत आणि चेंडू रॉजर्सच्या हातात असे. मग हॅकेट यांचा वाटा नेमका कोणता, हा प्रश्न उरतोच. विल्सनची गोष्टही निराळी नव्हती. सिॲटलमध्ये तो चेंडू फार वेळ धरून ठेवीत असे, त्यामुळे दर हंगामात त्याच्यावर भरपूर सॅक होत (पास फेकण्याआधीच तो चेंडूसह पाडला जाई) आणि पायांतील चपळाईच्या जोरावर तो त्यातून निभावून नेई. तिशी ओलांडल्यावर ही चपळाई ओसरणार, हे करारावर सही करण्यापूर्वीही दिसत होते.

पहिला सामना सिॲटलमध्येच होता. शेवटचे जेमतेम मिनिट उरलेले, डेन्व्हर एका गुणाने मागे, चौथा डाउन (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला शेवटचा), पाच यार्ड हवेत, आणि घड्याळ थांबवण्याचे तिन्ही टाइमआउट शिल्लक. ज्याच्यासाठी एवढे मोल मोजले, त्या क्वार्टरबॅकला पाच यार्ड मिळवायला सांगण्याऐवजी प्रशिक्षकांनी घड्याळ चालू दिले आणि वीसेक सेकंद राहिल्यावर तीन गुणांसाठी चौसष्ट यार्डांची किक मारायला लावली. ती हुकली आणि सामना १७-१६ असा गेला. आपण चौथ्या डाउनला प्रयत्न करायला हवा होता, हे हॅकेट यांनी दुसऱ्या दिवशी मान्य केले. पुढे सामन्यातील वेळेच्या निर्णयांसाठी निवृत्त झालेले एक अनुभवी प्रशिक्षक मदतीला बोलवावे लागले, आणि पंधरा सामन्यांनंतर हॅकेट यांना काढून टाकण्यात आले. त्या हंगामात गुण मिळवण्यात डेन्व्हर साऱ्या लीगमध्ये शेवटच्या क्रमांकावर होते. तिकडे सिॲटलमध्ये विल्सनच्या जागी उभा राहिलेला जिनो स्मिथ, ज्याला लीगने कधीच मोडीत काढले होते, त्याने अचूक पासच्या टक्केवारीत सर्वांना मागे टाकले. दोन वर्षांनी डेन्व्हरने विल्सनला मोकळे केले, तेव्हा साडेआठ कोटी डॉलर लीगने घातलेल्या त्यांच्या पगारमर्यादेवर नुसते बोजा म्हणून चढले.

आता क्वार्टरबॅकच्या टिपणांकडे वळू. आपण क्रिकेटवर वाढलेली माणसे. फलंदाजाच्या धावा निदान त्याच्याच बॅटीतून निघतात, म्हणून आकड्यांवर विश्वास ठेवायची सवय आपल्याला फार लवकर लागते. येथे पास फेकणारा एक, झेलणारा रिसीव्हर दुसरा, मधे उभे राहून मार खाणारे पाच, आणि कोणी कुठे धावायचे हे ठरवणारा मैदानाबाहेर. महाविद्यालयातील आकडे तर आणखीच फसवे, कारण मोठ्या विद्यापीठाच्या रिसीव्हरांसमोर मोकळे मैदान असते. वायोमिंग या लहान विद्यापीठाच्या जॉश ॲलनची अचूकता छप्पन्न टक्क्यांच्या आसपास होती, म्हणून अनेकांनी त्याच्यावर काट मारली. बफलोने २०१८ मध्ये त्याला सातव्या क्रमांकावर घेतले, कोऑर्डिनेटर ब्रायन डेबोल यांनी त्याच्या ताकदीला साजेसे आक्रमण उभारले, २०२० मध्ये स्टेफॉन डिग्ज हा रिसीव्हर आणला आणि त्याच वर्षी ती अचूकता एकोणसत्तर टक्क्यांवर गेली. याचा अर्थ कमी टक्केवारीचा प्रत्येक मुलगा ॲलन होतो असा मुळीच नाही. बहुतेक होत नाहीत. अर्थ एवढाच, की छप्पन्न या आकड्यात वायोमिंगचा संघ किती मिसळलेला आहे, हे टेप पाहिल्याशिवाय कळत नाही.

टेप म्हणजे टीव्हीवरचे प्रक्षेपण नव्हे. उंचावरून बावीसही खेळाडू एकदम दिसतील अशी चित्रफीत आणि गोलच्या मागून घेतलेली दुसरी, अशा दोन्ही घेऊन बस. थर्ड डाउन, आठ यार्ड बाकी, असे प्रसंग आधी वेगळे काढ. स्नॅपपूर्वी, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू होण्याआधी, दोन सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) खोलवर उभे दिसतात. चेंडू हलताच त्यातला एक खाली धावत येतो आणि ज्या बाजूला पास फेकायचा ठरला होता तीच बाजू बंद होते. या क्षणी चित्रफीत थांबव आणि मुलाची हनुवटी पाहा. पहिल्या रिसीव्हरवरून नजर दुसऱ्याकडे वळते का? नजरेबरोबर पाय नव्याने रोवले जातात, की ते जुन्याच दिशेला राहून फक्त हात फिरतो? बचावपटू अंगावर येत असताना नजर मैदानावर राहते, की येणाऱ्या माणसावर खाली उतरते? हे सारे तीन सेकंदांच्या आत संपते. त्याने योग्य माणूस शोधून नेमका पास दिला आणि रिसीव्हरच्या हातून चेंडू सुटला, तर आकड्यांत तो फसलेला पास ठरेल. तू तो बरोबर म्हणून लिही. उलट दोघांच्या मधे डोळे मिटून फेकलेला चेंडू कोणी उंच उडी मारून झेलला आणि टच-डाउन झाला, तर तो चूक म्हणून लिही. संघाच्या सभेत तुला यावरून बोलणी बसतील, ती बसू देत.

सॅकचा दोष सरसकट ऑफेन्सिव्ह लाइनच्या, म्हणजे मधे उभ्या त्या पाचांच्या, माथी मारू नकोस. चेंडू वेळेत सोडण्याची सवय किंवा तिचा अभाव क्वार्टरबॅक आपल्याबरोबर नव्या शहरात घेऊन जातो. मात्र दुसरे टोकही लक्षात ठेव. ह्यूस्टनच्या नव्या संघाने २००२ मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या डेव्हिड कारवर पहिल्याच हंगामात शहात्तर सॅक झाले, आणि एवढा मार खाल्लेल्या मुलात मुळात काय होते, हे नंतर कोणालाच नीट सांगता आले नाही. त्या मानाने पॅट्रिक माहोम्सचे नशीब पाहा. कॅन्सस सिटीने २०१७ मध्ये त्याच्यासाठी वर सरकून दहावा हक्क मिळवला, ॲलेक्स स्मिथसारख्या शांत खेळाडूच्या मागे त्याला जवळजवळ पूर्ण वर्ष बसवले आणि नंतरच संघ हाती दिला. त्याच ड्राफ्टमध्ये शिकागोने मिच ट्रुबिस्कीसाठी तिसऱ्यावरून दुसऱ्या क्रमांकावर उडी मारली होती. तो महाविद्यालयात अवघ्या तेरा सामन्यांत सुरुवातीपासून खेळला होता. थोड्या सामन्यांवर मोठा डाव लावण्याचा हा मोह सॅन फ्रान्सिस्कोलाही २०२१ मध्ये ट्रे लान्सच्या बाबतीत आवरला नाही. गंमत अशी की त्याच संघाला पुढच्या वर्षी ड्राफ्टच्या अगदी शेवटच्या, २६२ व्या हक्कात ब्रॉक पर्डी मिळाला, जो आयोवा स्टेटकडून चार वर्षे खेळून आलेला होता.

लीगमधला सर्वांत यशस्वी क्वार्टरबॅक ठरलेला टॉम ब्रेडी १९९ व्या क्रमांकावर निवडला गेल्याची गोष्ट तुला कार्यालयातील प्रत्येक जण ऐकवील. ऐकून घे. पारख शिकायला ती निरुपयोगी आहे, कारण ज्या न्यू इंग्लंडने त्याला घेतले, त्यांनीही पाच फेऱ्या त्याला सोडूनच दिले होते.

इंडियानापोलिसच्या कंबाइनमधील (ड्राफ्टपूर्वीच्या सामूहिक चाचणीतील) मोजमापांवर फार वेळ घालवू नकोस. उंची, हाताची वीत आणि धावण्याचा वेग कोणीही मोजू शकतो. बुद्धीच्या चाचण्यांविषयी मी तर अधिकच साशंक आहे. बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची वंडरलिक चाचणी अनेक वर्षे घेतली गेली आणि २०२२ मध्ये कंबाइनमधून काढून टाकण्यात आली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका चाचणीतील सी. जे. स्ट्राउडचे कमी गुण बाहेर फुटले आणि त्याच्या आकलनशक्तीविषयी कुजबुज सुरू झाली; त्याने ह्यूस्टनकडून पहिल्याच हंगामात आक्रमणातील सर्वोत्तम नवोदिताचा मान पटकावला. बचावफळी वाचता येते की नाही, हे टेपवर दिसत असताना कागदी परीक्षा कशाला हवी?

प्रशिक्षकांच्या बाबतीत टेप नसते, म्हणून ते काम अवघड. मालक मंडळी बहुधा गेल्या हंगामात सर्वाधिक गुण करणाऱ्या संघाच्या कोऑर्डिनेटरला बोलावतात. परंतु उत्तम डाव रचणे आणि पन्नासहून अधिक खेळाडू, वीसेक सहायक, वैद्यक, वार्ताहर व मालक या सर्वांना एका दिशेने चालवणे, ही दोन वेगळी कामे आहेत. पुढे फार यशस्वी ठरलेले अँडी रीड यांना फिलाडेल्फियाने १९९९ मध्ये नेमले, तेव्हा ते कधीही कोऑर्डिनेटर नव्हते. बॉल्टिमोरने २००८ मध्ये घेतलेले जॉन हार्बॉ यांची बरीच कारकीर्द स्पेशल टीम्समध्ये, म्हणजे किक मारण्या-परतवण्याच्या वेळच्या तुकड्यांमध्ये, गेली होती, आणि त्या कामात आक्रमण व बचाव अशा दोन्ही बाजूंच्या खेळाडूंशी रोज संबंध येतो. ही तयारी मला डाव पुकारण्याच्या अनुभवापेक्षा कमी मोलाची वाटत नाही. पिट्सबर्गने १९६९ पासून २०२५ च्या हंगामापर्यंत तीनच मुख्य प्रशिक्षक ठेवले, तिघेही बचावाच्या बाजूचे, तिघेही चाळिशीच्या आतले आणि पूर्वी कुठेही मुख्य प्रशिक्षक नसलेले. त्यातील पहिल्यांनी, म्हणजे चक नोल यांनी, पहिल्या वर्षी चौदापैकी तेरा सामने गमावले होते. तिघांनीही पुढे सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला.

एकदा काढलेल्या माणसाचे नाव यादीतून आपोआप खोडू नकोस. पुढे न्यू इंग्लंडमध्ये नाव कमावलेले बिल बेलिचिक यांना क्लीव्हलंडमध्ये पाच वर्षांत पराभवांपेक्षा विजय जास्त असा एकच हंगाम मिळाला होता. तसेच ओळखीच्या चेहऱ्यांपलीकडे पाहा. मालक आपल्यासारख्याच दिसणाऱ्या माणसांवर विश्वास टाकतात, म्हणून तर २००३ मध्ये रूनी नियम करून अल्पसंख्याक उमेदवारांची मुलाखत घेणे बंधनकारक करावे लागले. मुलाखत घेतली म्हणजे मनापासून ऐकून घेतलेच असे नाही, हे तुला आत बसल्यावर लवकरच दिसेल.

मुलाखतीसाठी प्रश्न सुचव म्हणालीस. उमेदवाराने आणलेल्या जाडजूड वहीत मला फारसा रस नाही. त्या सगळ्यांच्या सारख्याच असतात. सहायकांची नावे विचार, आणि त्यातला सर्वांत चांगला माणूस वर्षभरात दुसऱ्या संघाचा मुख्य प्रशिक्षक होऊन गेला तर त्याच्या जागी कोण, हेही विचार. पूर्वार्ध संपायला पन्नास सेकंद, एक टाइमआउट, चेंडू स्वतःच्या तीस यार्डांवर, अशी स्थिती सांगून लगेच उत्तर माग. तुमच्या कोऑर्डिनेटरपदाच्या यशात मुख्य प्रशिक्षकांचा वाटा कोणता होता, असे सरळ विचार. उत्तरात नावे आणि प्रसंग आले तर ऐकत राहा, नुसते कौतुक आले तर नोंद कर. संदर्भासाठी त्याने दिलेल्या यादीबाहेरच्या माणसांना फोन कर. साहित्य सांभाळणारे, दुखापती पाहणारे आणि ज्यांना त्याने संघातून वगळले असे खेळाडू, हे प्रशिक्षकाविषयी फार खरे सांगतात.

एक गोष्ट मात्र तुला वरिष्ठांसमोर स्वतःहून मांडावी लागेल. खेळाडूची शिफारस एक विभाग करतो आणि प्रशिक्षकाची निवड मालक करतो, त्यामुळे दोघे एकमेकांना जुळतात का, हे पाहणे कोणाच्याच वाट्याला येत नाही. जॅरेड गॉफला २०१६ मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतल्यानंतर तो सुरुवातीपासून खेळला ते सातही सामने त्याचा संघ रॅम्स हरला. पुढच्या वर्षी तिशीतले शॉन मॅकव्हे मुख्य प्रशिक्षक म्हणून आले आणि तोच क्वार्टरबॅक असलेला, गुणांत तळाशी असलेला संघ लीगमध्ये सर्वाधिक गुण करू लागला. चार वर्षांनी त्याच मॅकव्हेंना गॉफ पुरेना, म्हणून त्याला डेट्रॉइटला देऊन मॅथ्यू स्टॅफर्ड आणला आणि पहिल्याच हंगामात सुपर बोल जिंकला. डेट्रॉइटमध्ये गॉफ पुन्हा उभा राहिला आणि २०२३ च्या हंगामात संघाला कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या, अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. गॉफ चांगला की वाईट, असा एका ओळीचा निकाल या तिन्ही टप्प्यांना पुरणार नाही. म्हणून प्रत्येक क्वार्टरबॅकच्या टिपणाखाली तो कोणत्या प्रकारच्या आक्रमणात चालेल आणि कोणत्यात नाही, हे लिही; प्रशिक्षकाच्या टिपणाखाली आपल्या हाताशी असलेल्या क्वार्टरबॅकचे तो पहिल्या वर्षी काय करील, हे लिही; आणि दोन्ही कागद एकाच वेळी सभेपुढे ठेव. जनरल मॅनेजर एक आकडा मागतील. आकडा दे, पण त्याच्या शेजारी त्यातले किती उसने वाटते, तेही दे.

वायोमिंगसारख्या लहान विद्यापीठांच्या चित्रफिती मिळवायला वेळ लागतो, तेव्हा मागणी आत्ताच नोंदवून ठेव. दोन मुलांची कच्ची टिपणे तयार झाली की मला पाठव. त्यांची नावे आणि आकडे झाकून पाठवलेस तर वाचायला अधिक बरे.

तुझा शुभचिंतक